त्रेचाळिसाव्या पानावरची खूण

व्हर्ना ॲलीला भुतांची भीती कधीच वाटली नाही. तिला धसका होता तो लायब्ररीत येऊन "काहीतरी हलकंफुलकं द्या हो" म्हणणाऱ्या माणसांचा. असा कुणी आला की ती त्याला तोंडभर हसून स्वयंपाकाच्या पुस्तकांकडे पाठवायची आणि त्याची पाठ वळली की नाक मुरडायची. "केस पिकले याचे, तरी अजून हलकंफुलकं हवंय," असं पुटपुटायची, आणि ते त्या माणसाला ऐकू गेलं तरी तिला त्याचं काही वाटायचं नाही.

कारव्हर्स नेक गावची लायब्ररी म्हणजे खाली आगीचा बंब आणि वर दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत सगळ्यांत उजेडाची जागा बंदराकडच्या खिडकीशी होती आणि तिथे व्हर्नानं भयकादंबऱ्यांचं कपाट ठेवलं होतं. दुसरीकडे ही पुस्तकं कुठल्यातरी कोपऱ्यात, जिन्याखाली वगैरे कोंबलेली असतात. व्हर्नाचं म्हणणं असं, की माणसाला घाबरायचंच असेल तर त्यानं चांगल्या उजेडात, धड खुर्चीत बसून घाबरावं. बत्तीस वर्षं लायब्ररी तिच्या हातात होती, आणि या बत्तीस वर्षांत कपाट हलवायची सूचना चर्चच्या चार पास्टरांनी केली. चारही पास्टर बदलून गेले, कपाट तिथेच राहिलं.

व्हर्ना इथलीच. बाप समुद्रात शेवंडींचे पिंजरे टाकायचा, आई तारल्यांच्या कारखान्यात. चौदाव्या वर्षी व्हर्नाही कारखान्यात लागली. होडी मासळी घेऊन आली की कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि गावातल्या बाया हातातलं काम टाकून धावत सुटायच्या. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळायच्या, कात्री घ्यायची, आणि तारलीचं डोकं-शेपूट उडवून डब्यात रचायची. बाकावर प्रत्येकीची जागा ठरलेली, जागेला आकडा. व्हर्नाचा आकडा त्रेचाळीस. शेजारी चव्वेचाळीसवर मिर्टल क्रॉली. पस्तिशीची, दणकट, तोंडाची फटकळ बाई. पोरी तिला मिर्टलमावशी म्हणायच्या आणि तिच्या वाटेला जायच्या नाहीत.

भोंगा कधीकधी होडीच्या आधीच वाजायचा. मग तास-दोन तास बाया चिकटपट्ट्या बांधून नुसत्या बसलेल्या. अशा एका दिवशी मिर्टलमावशीनं ॲप्रनच्या खिशातून एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठ फाडून टाकलेलं होतं, कारण त्यावरचं चित्र चर्चमधल्या बायकांच्या नजरेला पडलं असतं तर मावशीची धडगत नव्हती.

"पोरी, तुझे डोळे चांगले आहेत. वाच."

"कशाचं आहे, मावशी?"

"एका बाईच्या घरात भिंतीमागे काहीतरी आहे. काय आहे ते कळायच्या आत माझा चष्मा धक्क्यावरून पाण्यात पडला. आठ दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून झोपायची सोय राहिली नाही मला. वाच लवकर."

व्हर्ना वाचायला लागली आणि बाक हळूहळू गप्प होत गेला. नवरा वादळात समुद्रावर असताना मोजे विणत बसणाऱ्या बाया त्या, डोळ्यांतून टिपूस काढायच्या नाहीत. त्या पुस्तकातल्या भिंतीमागच्या खरखरीनं एकमेकींचे हात धरून बसल्या. होडी लागली, सगळ्या कामाला उभ्या राहिल्या, आणि मग कात्र्या चालू असताना एक एक जण बोलायला लागली. एकीला घरात कुणी नसताना बाळाच्या पाळण्याकडे जायची भीती वाटायची. एकीला वाटायचं, आपलं डोकं आईसारखं फिरणार. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून मासे कापलेल्या बाया, पण हे आधी कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. खरी भीती सांगायची तर लाज वाटते, पण खोटी भीती वाचून दाखवली की खरी तिच्या पाठोपाठ आपण होऊन येते. हे व्हर्नाला चौदाव्या वर्षी, माशांच्या वासात कळलं. मिर्टलमावशीचे हे उपकार तिनं जन्मभर मानले.

त्यानंतर पुस्तकं बाकावरून फिरायला लागली. सगळ्यांची मुखपृष्ठं फाडलेली, त्यामुळे कुठलं वाचलं नि कुठलं राहिलं हेच कळेना. मग रीत पडली: पुस्तक संपलं की आपल्या जागेच्या आकड्याच्या पानावर पेन्सिलीनं बारीक खूण करायची. मिर्टलमावशी चव्वेचाळिसाव्या पानाच्या तळाशी माशाची शेपटी काढायची. व्हर्ना त्रेचाळिसाव्या पानावर छोटं वर्तुळ आणि मधोमध ठिपका. कारखाना बंद पडला, भोंगा गेला, पण खुणा राहिल्या. आमच्या गावात अजूनही नवरा बायकोसाठी पुस्तक न्यायला आला तर नाव वाचत नाही, आधी तिचं पान उघडतो. खूण नसली तर पुस्तक घरी जातं. 'पुस्तकांवर लिहू नये' ही पाटी व्हर्नानंच लावलेली, आणि त्या पाटीखाली बसूनच ती वर्तुळ काढायची.

होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बुधवारी दुपारी दोन वाजता वाचणारे जमायचे. सात-आठ जण, मधोमध स्टोव्ह, टेबलावर काकवीचे डोनट. त्यातले दोघे महत्त्वाचे. एक हॉलिस बील. पंचेचाळीस वर्षं समुद्रावर काढलेला, दोनदा होडी उलटूनही पोहत आलेला गडी. कारखान्यात तो कधी नव्हता, म्हणून त्यानं आईचा आकडा घेतला होता. समुद्रातली भुतं तो डोनट खात खात वाचायचा, पण कुणी कपाटात कोंडला गेला की पुस्तक पालथं घालून खिडकीशी जाऊन उभा राहायचा. का, ते त्यानं एका बुधवारी सांगितलं, आणि ते तिथंच राहिलं. दुसरी थेल्मा, मिर्टलमावशीची मुलगी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. ती भयकादंबऱ्या भजनांच्या पुस्तकाच्या वेष्टनात घालून न्यायची, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक आहे हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पुस्तकातला कुणी एकटाच तळघरात उतरायला लागला की हॉलिस टेबलावर हात आपटायचा. "अरे गाढवा, बायकोला सांग! शेजाऱ्याला सांग! कुणी नसेल तर कुत्र्याला तरी सांग!" दर बुधवारी एकदा तरी टेबल वाजायचंच. व्हर्ना म्हणायची, हजारभर पुस्तकं वाचून एवढं कळलं, की त्यांत जे मेले ते भुताच्या दातांनी नि नखांनी मेले नाहीत. काहीतरी दिसलं आणि कुणाला बोलले नाहीत, म्हणून मेले.

तिचा नवरा क्लाइड शाळेची बस चालवायचा. एका सकाळी कॉफी पिता पिता खुर्चीतच गेला. लोकांनी दुःखावरची पुस्तकं आणून दिली. त्या पुस्तकांत लिहिलं होतं, की काळ हेच औषध. व्हर्नानं ती रद्दीत घातली आणि आपल्या कपाटातलं एक काढलं, ज्यात एका बाईला घर एकाएकी परकं वाटायला लागतं, खोल्या तिच्याकडे बघतात. "हे खरं आहे," ती मुलीला, गेलला, फोनवर म्हणाली होती. "इतक्या लोकांत या एकानंच मला खरं सांगितलं." त्या हिवाळ्यात त्या पुस्तकानं तिला सावरलं असं ती उघड सांगायची, आणि ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटलं तर वाटू दे.

आता मिर्टलमावशीच्या शेवटच्या वर्षांचं सांगायला हवं. मावशी सत्तरी ओलांडून गेली तरी पुस्तकं नेत होती. एकदा परत आलेलं पुस्तक व्हर्नानं सहज चाळलं, तर चव्वेचाळिसाव्या पानावर दोन शेपट्या. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एकात तीन. व्हर्ना बराच वेळ ते पान धरून बसली. मग तिनं टेबलाच्या खणातलं गुलाबी खोडरबर काढलं, तिन्ही शेपट्या हलक्या हातानं खोडल्या, आणि पुढच्या बुधवारी तेच पुस्तक मावशीला दिलं. मावशीनं पान उघडलं, खूण नाही बघून खूश झाली. "नवं आलं वाटतं! कशी गं तू शोधून काढतेस?"

चार वर्षं हे चाललं. चार वर्षं मिर्टलमावशीनं तीच दहा-बारा पुस्तकं नव्यानं वाचली आणि व्हर्ना खोडत राहिली. थेल्माला ती यातलं एक अक्षर बोलली नाही. मावशी गेली तेव्हा व्हर्ना चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. आपण केलं ते प्रेम होतं की भेकडपणा, हे तिला तेव्हा ठरवता आलं नाही आणि नंतरही नाही.

परवाच्या जानेवारीत व्हर्ना सत्तर वर्षांची झाली. त्या महिन्यात तिनं कपाटातून 'ओले कोट' नावाची एक कादंबरी काढली. आधी त्रेचाळिसावं पान बघितलं, खूण नव्हती. छान. गोष्ट अशी, की एका बाईच्या घरात दाराजवळच्या खुंट्यांवर रोज एक जादा कोट टांगलेला सापडतो. कोट ओला असतो आणि कुणाचा ते कळत नाही. व्हर्नाला पुस्तकानं असं ओढून घेतलं की तिनं दोन दिवस जेवण उभ्याउभ्या उरकलं. एकशे बाराव्या पानावर ती बाई एका कोटाची कॉलर उलटून बघते, तर आत तिचंच नाव शिवलेलं. व्हर्ना इतक्या मोठ्यानं ओरडली की खाली बंब पुसणारा माणूस धावत वर आला.

"काही नाही रे, पुस्तक आहे," ती म्हणाली, आणि आनंदानं पुढे वाचत सुटली.

संपवल्यावर तिनं पेन्सिल घेतली आणि त्रेचाळिसावं पान उघडलं. दुपारचं ऊन आडवं येत होतं. त्या उन्हात पानाच्या तळाशी कागद थोडा फुगलेला, लव आल्यासारखा दिसला. तिनं पान तिरकं धरलं. कागदात पेन्सिलीची चर उमटलेली होती. वर्तुळ, मधे ठिपका. त्याच्या शेजारी आणखी एक वर्तुळ, मधे ठिपका. शिसं गेलेलं, पण हाताचा दाब राहिलेला.

अशी लव कागदाला कशानं येते हे या गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती खुर्चीत बसली. हे पुस्तक तिनं आधी दोनदा वाचलं होतं. त्यातली एक ओळ तिला आठवत नव्हती. आणि हे कुणालातरी ठाऊक होतं.

तीन आठवडे ती कुणाला काही बोलली नाही. घरी बसून तिनं मागचे महिने उलटेपालटे करून पाहिले. गेल फोनवर "आई, हे तू आताच विचारलंस" असं म्हणायची, ते तिनं गेलच्या चिडखोरपणावर ढकललं होतं. कॉफीचं भांडं दोनदा जळलं, तो दोष स्टोव्हचा. लायब्ररीतली दुसरी पुस्तकं तिनं उघडून पाहिली नाहीत. त्रेचाळिसावं पान उन्हात धरायची तिची छाती होईना. लोकांशी ती वाजवीपेक्षा जास्त हसायला लागली. एकाला तर तिनं हलकंफुलकं पुस्तक स्वतः शोधून दिलं, आणि ते बघून हॉलिसनं भुवया उंचावल्या.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी एक जण वाचून दाखवत होता. गोष्टीतल्या म्हाताऱ्याला पोटमाळ्यावर काहीतरी दिसतं, आणि तो खाली येऊन सुनेला सांगतो, "काही नाही, उंदीर आहे." हॉलिसनं टेबलावर हात आपटला.

"सांग ना गाढवा! सून समोर उभी आहे तुझ्या!"

सगळे हसले. व्हर्ना हसली नाही. पन्नासपेक्षा जास्त वर्षं ती असल्या गाढवांना शिव्या देत आली होती, आणि गेले तीन आठवडे ती स्वतः हातात मेणबत्ती घेऊन तळघराचा जिना उतरत होती. ती उठली, कपाटाकडे गेली, 'ओले कोट' काढून टेबलावर ठेवलं.

"आता मी बोलणार आहे," ती म्हणाली. "माझं होईपर्यंत कुणी डोनटला हात लावायचा नाही."

"झालं काय?" हॉलिसनं विचारलं.

"हे पुस्तक मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा वाचलं. निदान मला तसं वाटलं. खरं म्हणजे ते तिसऱ्यांदा होतं." तिचा आवाज ठाम होता, पण हात टेबलाखाली होते. "माझं डोकं जातंय. मिर्टलमावशीचं गेलं तसं. तीन आठवडे झाले मला कळून. मला फार भीती वाटते. बस, एवढंच. आणि दुसरं, माझ्या खुणा कुणीतरी खोडतंय. कोण आहे ते आत्ताच्या आत्ता बोला."

हॉलिस आपल्या बुटांकडे बघायला लागला, तेव्हा व्हर्नाला वाटलं तोच.

"हॉलिस, तू?"

"मी नाही गं. माझ्या हातानं पान फाटलं असतं. पण मला ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं."

"मी," थेल्मा म्हणाली.

ती टेबलाच्या टोकाशी बसली होती, मांडीवर भजनाच्या वेष्टनातलं पुस्तक. "दीड वर्ष झालं. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात तू मला हेच पुस्तक दिलंस. म्हणालीस, थेल्मा, आत्ताच संपवलं, वाचच. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच पुस्तक, पुन्हा तेच शब्द. मी पान उघडलं तर दोन वर्तुळं शेजारी शेजारी. तुला ती दिसली असती तर... मग मी रबर घेतलं."

"दीड वर्ष!" व्हर्ना भडकली. "दीड वर्ष सगळं गाव मला पाठीमागून सांभाळतंय, आणि मी इथे राणीसारखी बसून लोकांना अक्कल शिकवतेय! मला सांगता येत नव्हतं?"

"तू मला सांगितलंस, आईचं?"

व्हर्नाचा राग तिथल्या तिथे उतरला.

"तुला कसं कळलं?" तिनं विचारलं.

"आई रोज चव्वेचाळिसावं पान उन्हात धरून बघायची का? नाही. पण मी बघायचे. घरात आलेलं प्रत्येक पुस्तक."

"मी तुला सांगायला हवं होतं, थेल्मा. चार वर्षं. माझी हिंमत झाली नाही. त्याची बोच मला अजून आहे."

"सांगून काय करणार होतीस? आई कॉफीत मीठ घालत होती. मला तुझ्या आधी कळलं होतं." थेल्माचा आवाज चर्चमध्ये बोलतात तसा हळू होता, पण सगळ्यांना ऐकू येत होता. "शेवटची दोन वर्षं आई मला ओळखत नव्हती. मला म्हणायची, बाई, तुम्ही घरी जा, तुमची मुलं वाट बघत असतील. जवळ बसू द्यायची नाही, केस विंचरू द्यायची नाही. पण तुझ्याकडून पुस्तक आलं की संध्याकाळी तिला भीती वाटायला लागायची. मग माझा हात धरायची. 'बाई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण जरा बसा इथे. हे फार भयंकर आहे.' आणि मी तिला चिकटून बसायचे, पुस्तक संपेपर्यंत. दोन वर्षांत माझ्या आईनं मला जवळ घेतलं ते तेवढंच. तुझ्या त्या खोडरबरामुळे." तिनं डोळे पुसले. "तुझे आभार मानायला मी दोनदा आले होते. खालच्या जिन्यापर्यंत यायचे आणि परत जायचे. आता इतक्या वर्षांनी मानते."

व्हर्नाला रडू फुटलं. तिनं ते लपवलं नाही, आणि टेबलाखालचे हातही वर आणले. हॉलिसनं आपला भलामोठा रुमाल पुढे केला, त्याला डिझेलचा वास येत होता, तरी तिनं घेतला. इतकी वर्षं छातीवर जे घेऊन ती चर्चच्या मागच्या बाकावर बसत आली होती, ते उतरलं. भीती गेली नव्हती. पण आता ती टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध होती, आणि आठ माणसं तिच्याकडे बघत होती.

नाक पुसून झाल्यावर व्हर्ना पुन्हा व्हर्ना झाली.

"तुझे उपकार आहेत, थेल्मा. पण यापुढे खोडायचं नाही."

"अगं पण..."

"ऐक. मावशीला काय हवंय ते मी ठरवलं. तिला विचारलं नाही. कदाचित तेच बरोबर असेल, पण मी मावशी नाही. खोडलेली खूण उन्हात सापडली ना, तेव्हा जी भीती वाटली तसली भीती मला या कपाटातल्या एकाही पुस्तकानं दाखवली नाही. वर्तुळं डोळ्यांसमोर असती तर मी मोजली असती. मोजता येतं त्याला मी घाबरते, पण त्याच्याशी बोलू तरी शकते. माझ्या खुणा राहू द्या. जितक्या होतील तितक्या."

"पान भरलं तर?" हॉलिसनं विचारलं.

"तर चव्वेचाळिसावर जाईन. शेजारच्या जागेची मालकीण काही म्हणायची नाही."

त्याच दुपारी, सगळे बसलेले असतानाच, तिनं लायब्ररीच्या फोनवरून गेलला सांगितलं. गेल आधी रडली, मग चिडली, मग शनिवारी येते म्हणाली. हॉलिसनं तिला शहरातल्या डॉक्टरकडे आपल्या ट्रकमधून नेलं आणि बाहेर थांबण्याच्या खोलीत दोन तास हातात टोपी घेऊन बसून राहिला. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि दार आपोआप बंद व्हायचं. तो एकदाही उठला नाही. व्हर्नाला हे नंतर परिचारिकेकडून कळलं. तिनं त्याला काही विचारलं नाही. घरी येताना वाटेत थांबून त्याला माशाचं सूप खाऊ घातलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते तिला ठाऊकच होतं. सुरुवात आहे, औषधानं थोडं लांबेल, थांबणार नाही. एप्रिलमध्ये तिनं किल्ल्या थेल्माकडे दिल्या. थेल्मानं पहिल्याच आठवड्यात आपल्या पुस्तकावरचं भजनाचं वेष्टन काढून टाकलं. नव्या पास्टरला जे काही बोलायचं होतं ते तो बोलला, आणि रविवारी थेल्मानं ऑर्गन असा वाजवला की त्याला प्रवचन आवरतं घ्यावं लागलं.

व्हर्ना रोज येते. हॉलिस सकाळी ट्रकमधून सोडतो, दुपारी नेतो. कुठल्या कपाटात काय आहे हे तिच्या हातांना अजून बरोबर सापडतं, माणसांची नावं मात्र कधी सापडतात, कधी नाही. नाव सापडलं नाही की ती सरळ विचारते, "तू कोण रे? सांग, मला आठवत नाही." समोरचा सांगतो. गावाला आता सवय झाली आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यापाठोपाठ बाकीचेही विचारायला लागलेत. आमच्याकडे निम्मे म्हातारे नावं विसरलेलेच होते, नुसते माना हलवत होते.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. बंदरावर लख्ख ऊन होतं. व्हर्ना खिडकीजवळच्या कपाटापुढे उभी राहिली, 'ओले कोट' काढलं आणि आधी त्रेचाळिसावं पान उघडलं. तळाशी एका ओळीत काळीभोर वर्तुळं. पहिल्या दोन पुसट चरांवरही थेल्मानं पुन्हा पेन्सिल फिरवली होती. व्हर्नानं बोट ठेवत ठेवत मोजली.

"थेल्मा, हे मी पाच वेळा वाचलंय."

"हो."

"कसलं आहे गं?" तिच्या चेहऱ्यावर क्षणभर ती भीती दिसली, तीच जानेवारीतली. थेल्मा जागेवरून उठली. पण व्हर्नानं पान बंद केलं नाही. "पाचही वेळा घाबरले होते?"

"पाचही वेळा. एकाच पानावर. खालचा बंबवाला आता वर धावत येत नाही, नुसता हसतो."

व्हर्नानं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, पाठीवरचा मजकूर वाचला, आणि तिचा चेहरा उजळला.

"पाचदा वाचून पाचदा घाबरले, म्हणजे लिहिणारा मोठा माणूस असला पाहिजे," ती म्हणाली. "शेवट सांगशील तर याद राख."

ती खुर्चीत बसली, चष्मा सारखा केला आणि पहिलं पान उघडलं.